आबांनी एसटीतनं बघितलेला धबधबा: गगनबावडा साइडला एका दिवसात जाऊन येता येईल का?

फुलेवाडीचा_पोरगा
१४ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे पण मागची स्टोरी सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून जरा दम धरा.

आमचे आबा एसटीत ड्रायव्हर होते. आता ६८ चे आहेत. नोकरीतली बरीचशी वर्षं रंकाळा स्टँडवरनं सुटणाऱ्या गगनबावडा रूटला गेली, मधनं अधनं घाट उतरून खाली कोकणात पण. डावा गुडघा क्लच दाबून दाबून कामातनं गेलाय असं त्यांचं म्हणणं आहे, डॉक्टर वजनाचं नाव घेतात. तर परवा पावसानं नुसतं धरलं होतं, आम्ही सगळे कांदाभजी खात बसलेलो, टीव्हीवर कुठल्यातरी धबधब्यावरची गर्दी दाखवत होते. आबा एकदम म्हणाले, "बावड्याच्या अलीकडं डाव्या हाताला लांब डोंगरात एक पांढरी रेघ दिसायची बघ. अख्खा पावसाळा दिसायची. इतकी वर्षं बघितली पण एकदा पण गाडी थांबवता आली नाही, मागं पन्नास माणसं आणि टायमिंग." एवढं बोलून परत भजी खायला लागले. आई म्हणाली हे मला पण कधी सांगितलं नव्हतं.

तर मला त्यांना तिथं घेऊन जायचंय. सकाळी निघून संध्याकाळी घरात, एवढंच. राऊतवाडी सुचवू नका, शनिवार-रविवारी तिथं धबधब्यापेक्षा गाड्याच जास्त असतात आणि साउंड सिस्टीमवर नाचणारी पोरं बघायला आबांना न्यायचं नाही. बर्कीला कॉलेजात असताना गेलोय, ते पण आता लई फेमस झालंय. मला ती रेघच पायजे. कुणाला ती माहीत आहे का, तिथवर वाट आहे का, गुडघेदुखीवाल्या माणसाला जमेल का आणि येत्या रविवारी गेलं तर चालतंय का?

तांबडा_पांढरा
१४ जुलै, रात्री १०:०५

भावा, आबा म्हणजे विषय हार्ड.

रेघेचं मला काय माहीत नाही, पण गगनबावडा रोडलाच असळजजवळ पळसंबे आहे ते बघितलंयस का? रामलिंग. ओढ्यात अखंड दगडात कोरलेली छोटी छोटी देवळं आहेत, वरनं पाणी, आजूबाजूला गच्च झाडी, बघून येड लागतंय. मेन रोडपासनं फार आत नाही, आबांच्या गुडघ्याला पण बरं. दुसरं म्हणजे शाहूवाडीत शित्तूर-वारुणच्या पुढं उखळूचा धबधबा, पण तो चांदोलीच्या जंगलाला लागून आहे आणि चालायला लागतंय, तिथं आबांना नेऊ नको. घाट उतरायचा असला तर वैभववाडीजवळ नापणे, त्याला बारा महिने पाणी असतंय आणि आता तिथं काचेचा पूल पण केलाय म्हणे, म्हणजे निवांतपणाचा विषय संपला.

जाताना कटवडा खाऊनच बाहेर पड, पुढं पावसात काय मिळंल सांगता येत नाही.

सड्यावरचा_गडी
१५ जुलै, सकाळी ७:१२

मी त्याच भागातला. आबास्नी नमस्कार सांगा. त्यांच्या गाडीनं कधीतरी शाळंला गेलो पण असीन.

ती रेघ मला म्हाईत हाय. रस्त्यावरनं तीनच जागी दिसती, त्यातल्या एका जागी आता झाडं वाढल्यात त्यामुळं दोनच म्हणा. वरचा सडा हाय, त्याचं पाणी कड्यावरनं खाली येतंय. आमी त्याला रेघ म्हणत न्हाई, वायलं नाव हाय, पण ते मी हितं लिहिणार न्हाई. का ते पुढं सांगतो.

आधी तुमच्या प्रश्नाचं. येत्या रविवारी अजिबात यायचं न्हाई. सध्या आमच्याकडं चार दिसांत कपडं वाळलं न्हाईत. वाटंत तीन ओढं लागत्यात, त्यातला मधला आमी गावची माणसं पण या दिसांत वलांडत न्हाई, गुरं बी तिकडं सोडत न्हाई. वर भातलावणी चालू हाय, तुमाला वाट दाखवाय मोकळा माणूस गावणार न्हाई. आणि रस्त्याचं म्हणाल तर आबास्नीच इचारा, मांडुकली आणि लोंघ्याला पाणी आलं की काय हुतंय ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त म्हाईत. सकाळी येताना रस्ता चालू असतोय आणि दुपारी परत जाताना बंद, मग बसा बावड्यातच.

गणपती जाऊ द्या. नवरात्र पण जाऊ द्या. दसरा झाला की या. तवा पाणी कमी झालेलं असतंय ह्ये खरं, रेघ बारीक हुती, पर हुती. ओढ्याचं पाणी निवळशंख असतंय, तळाचा दगूड दिसतोय, आणि त्यात पाय टाकून बसता येतंय. आत्ता आलासा तर फकस्त लांबनं बघाय मिळंल, ते तर आबांनी इतकी वर्सं बघितलंयच की.

गुडघ्याचं म्हणाल तर आमची माणसं अर्ध्या तासात जात्यात, आबास्नी तासभर धरा. चढ शेवटाला थोडाच हाय. वरचं जंगल फॉरेस्टचं हाय, राखीव, गार्डला सांगितल्याबिगर जायचं न्हाई. मी बोलून ठेवतो.

आता नावाचं. मागं एकानं असंच आमच्या दुसऱ्या एका ओढ्याचा व्हिडिओ टाकला. फुडच्या रविवारी साठ गाड्या. आमच्या गावात साठ गाड्या कवाच आल्या न्हवत्या, लग्नाला सुदीक. दारूच्या बाटल्या फोडून टाकल्या त्या ओढ्यात, म्हशीच्या पायात काच गेली, तिचं दूध बंद झालं, तो खर्च कोण देणार? म्हणून नाव न्हाई. मेसेज करा, नंबर देतो.

वीकेंड_भटक्या
१५ जुलै, सकाळी ११:३०

गडी दादा, मी पुण्यातून आहे, आमचा बारा जणांचा ग्रुप आहे, सगळे रिस्पॉन्सिबल ट्रेकर्स आहेत. प्लीज लोकेशनचा पिन टाकता का?

सड्यावरचा_गडी
१५ जुलै, सकाळी ११:४४

न्हाई.

खर्डा_भाकरी
१५ जुलै, दुपारी १:२०

😂 एवढं शॉर्ट आणि क्लिअर उत्तर इथं पहिल्यांदाच बघितलं.

पण गडी दादा म्हणतात ते खरंय आणि मी त्याला माझा अनुभव जोडतो. (होय, मी बाई आहे आणि मी "गेलतो"च म्हणतो, कोल्हापूर आहे हे.)

दोन वर्षांमागं श्रावणात आम्ही सात जण एका आडवाटेच्या धबधब्याला गेलतो. नाव सांगत नाही, आता मला पण भीती वाटतीय दादांची. सकाळी ओढा ओलांडला तेव्हा पाणी घोट्याला होतं. अलीकडच्या काठाला एक मोठा सपाट दगड होता, त्याच्यावर सगळ्यांनी बूट काढून ठेवले, भावाचे नवे कोरे होते, म्हटलं येताना घालू. पलीकडं जाऊन भडंग खाल्लं, फोटो काढले, आमच्या डोक्यावर पाऊस म्हणाल तर नुसती भुरभुर. तासाभरानं परत आलो तर बूट नव्हते. बूट सोडा, दगडच नव्हता. म्हणजे होता तिथंच, पाण्याखाली गेलता. सकाळी घोट्याला असलेलं पाणी कमरेच्या वर आणि लाल. भाऊ म्हणाला हात धरून जाऊया, साखळी करूया. मी नाही म्हणालो आणि त्याच्या शर्टाला धरून बसवलं, तो आठ दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हता. साडेतीन तास बसलो आम्ही तिथं. फोनला रेंज शून्य. घरी कुणालाच नक्की कुठं चाललोय ते सांगितलं नव्हतं, "बावड्याकडं" एवढंच. शेवटी खालच्या वाडीतले दोघं इरलं पांघरून गुरं बघायला आले, त्यांनी आम्हाला बघितलं आणि वरनं लांबच्या वळशानं, जिथं ओढा पसरट होतो तिथनं दोर लावून बाहेर काढलं. त्यातला एक म्हणाला, "पानी उतरल्यावर आपसूक गेला असता की, पर रात झाली असती."

त्यावरनं मी काय शिकलो तर बूट कधीच काढायचे नाहीत. म्हणजे खरंच, ओल्या दगडावर अनवाणी पाय टिकत नाही आणि शेवाळावर काहीच टिकत नाही. ते गुळगुळीत तळाचे स्पोर्ट शूज नकोत, खाली खाचा असलेले रबरी पायजेत. आणि कोल्हापुरी पायताण घालून येणाऱ्या हौशी लोकांना तर माझा कोपरापासनं नमस्कार.

जळवांचं पण सांगतो, दसऱ्यानंतर कमी होतात पण ओल्या पाचोळ्यात असतातच. चिकटली तर ओढून काढायची नाही, मीठ लावायचं किंवा नखानं बाजूनं सरकवायची. चावल्यावर दुखत नाही आणि रक्त मात्र थांबता थांबत नाही, कारण जळू रक्त गोठू नये असलं काहीतरी सोडते आत. आबा बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी घेत असले तर डॉक्टरांना विचारून जा. मी सोबत मीठ आणि जुने सुती मोजे ठेवतो, पँट मोज्यात खोचायची, दिसायला ध्यान दिसतं पण चालतंय की.

आणि आई पण येणार असतील तर बाथरूमचा विषय गावातच उरकून घ्या. हे कुठलाच बाप्या लिहीत नाही म्हणून मी लिहितो.

पाटबंधारे_निवृत्त
१५ जुलै, रात्री ८:५०

खर्डा_भाकरी यांनी लिहिलेला प्रसंग वाचून लिहावंसं वाटलं. माझी नोकरी पाण्याची पातळी मोजण्यात गेली.

तुमच्या डोक्यावर भुरभुर होती आणि ओढा फुगला, याचं कारण सडा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, वर मातीचा पातळ थर, काही ठिकाणी तोही नाही. मृगाचा पाऊस पडतो तेव्हा ती माती, खालच्या भेगा, झाडोऱ्याखालचा पाचोळा हे सगळं तहानलेलं असतं, बरंचसं पाणी मुरतं. पण तरणा-म्हातारा पाऊस, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य, येईपर्यंत सगळं तुडुंब भरलेलं असतं. मग पडेल तो थेंब थेट ओढ्यात. त्यामुळे जूनमध्ये ज्या सरीनं ओढ्याला काही झालं नाही त्याच सरीनं ऑगस्टमध्ये तो माणूस वाहून नेतो. लोक म्हणतात आम्ही मागच्या महिन्यात आलो होतो, काही झालं नव्हतं. मागच्या महिन्यात डोंगर रिकामा होता. आणि पाऊस वर पठारावर पडतो, तुम्ही खाली झाडीत बसलेले असता, तुम्हाला कळतच नाही. २०२४ च्या जूनअखेरीला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. तो नीट बघा, किती थोड्या वेळात झालं ते.

पाणी वाढायच्या आधी सांगतं, बघणारा पाहिजे. नितळ पाणी चहासारखं व्हायला लागलं, काटक्या आणि पाचोळा वाहून यायला लागला, आवाज जाडा झाला, तर फोटो, डबा, चप्पल सगळं सोडून नुसतं काठावर नाही, काठापासून वर चढायचं. आणि ज्या बाजूला गाडी आहे त्या बाजूला. खुणेला पाण्याच्या कडेचा एखादा दगड धरून ठेवा, दर पाच मिनिटांनी बघत जा. तुमचा बुटांचा दगड हीच उत्तम मोजपट्टी होती, फक्त ती कुणी वाचली नाही.

लोकांना वाटतं गुडघाभर पाणी म्हणजे काही नाही. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो, हिशेब तसा आहे. धबधब्याच्या अगदी खाली उभं राहणं तर मला कधीच पटलं नाही. एक म्हणजे वरून नुसतं पाणी येत नाही, दगड येतात. दुसरं, तिथल्या पांढऱ्या फेसात निम्मी हवा असते, त्यात पट्टीचा पोहणारा पण तरंगत नाही, खाली खाली जातो. आणि डोहाचा तळ दिसतो त्यापेक्षा नेहमी खोल असतो.

आता रस्त्याबद्दल. कोल्हापूरची माणसं पावसाळ्यात सकाळी उठून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे पोरासोरांना पाठ आहे. पण त्या आकड्यावरून डोंगरातल्या ओढ्याचा अंदाज बांधू नका. ओढा तासाभरात चढतो नि उतरतो, पंचगंगा त्याच्या मागून सावकाश चढते. तो आकडा उपयोगी आहे तो परतीच्या रस्त्यासाठी. पंचगंगेला फूग आली, म्हणजे पाणी तुंबलं, की कुंभी नदीचं पाणी पुढं सरकत नाही आणि गगनबावडा रस्त्यावर पसरतं. म्हणजे वर ऊन पडलेलं, ओढा उतरलेला आणि रस्ता मात्र बंद, असंही होतं. घाट उतरणार असाल तर त्याचीही चौकशी वेगळी करायची, करूळ घाट २०२४ च्या जानेवारीत रुंदीकरणासाठी बंद केला तेव्हा कितीतरी जण तोंडावर जाऊन भुईबावडा घाटाकडे वळले होते.

दसऱ्यानंतरचा सल्ला योग्यच आहे, त्यात एक भर. परतीचा पाऊस दुपारनंतर येतो, गडगडाट करत, आणि थोडा वेळच पण आडवातिडवा. त्यामुळे सकाळी लवकर जा आणि दुपारी एकच्या आत ओढ्यांच्या अलीकडे या. ऊन कितीही कडक असो.

फुलेवाडीचा_पोरगा
१५ जुलै, रात्री १०:१५

बाप रे. मी तर फक्त वाट विचारायला आलेलो. सगळ्यांचे आभार, रविवारचं कॅन्सल. आबांना वाचून दाखवलं, मांडुकलीचं ऐकल्यावर ते अर्धा तास २००५ च्या पुराचं सांगत बसले आणि मग म्हणाले, "दसरा म्हणजे लांब नाही." गडी दादा मेसेज केलाय.

वीकेंड_भटक्या
१६ जुलै, सकाळी ९:०२

मला एक कळत नाही, निसर्ग काय कुणाच्या मालकीचा आहे का? नाव लपवून काय मिळतं? उलट लोक आले तर गावाला रोजगार मिळेल, चहा-भजीच्या टपऱ्या लागतील.

खर्डा_भाकरी
१६ जुलै, सकाळी ९:४०

टपऱ्या लागतात हो, पण पावसाळ्याचे दोन महिने आणि त्यातल्या पण आठ-दहा रविवारी. बाकी वर्षभर तो प्लॅस्टिकचा कचरा तिथंच असतोय. तुमचा मुद्दा अगदीच चूक आहे असं मी म्हणत नाही. राधानगरीला मे-जूनात काजव्यांसाठी लोक जातात, माणसं वाट दाखवतात, घरी जेवण देतात, तिथं चार पैसे गावात राहतात ते मी बघितलंय. पण तिथं गावानं आधी ठरवलं आणि मग बोलावलं. इथं बोलावलेलं नाही.

सड्यावरचा_गडी
१६ जुलै, रात्री ९:१५

पाव्हणं, मालकीचं म्हणाल तर जंगल फॉरेस्टचं आणि पाणी पंचगंगंचं, माझं काय बी न्हाई. तुमी बारा जण एक काम करा. पिन नगं. बावड्याला या, माझ्याकडं जेवा, नाचणीची भाकरी, खर्डा, आणि काय असंल ते. मग मी स्वतः घेऊन जातो आणि आणतो. दसऱ्यानंतर. आणि बारा न्हाई, पाच-सहा जण या. वर गवा असतोय, बारा जणांच्या गोंगाटात तो बिथरला तर आमी काय करणार? गवा तर कोल्हापुरातपातूर जाऊन आलाय, त्याला आपल्या हद्दीत तरी निवांत फिरू द्या.

वीकेंड_भटक्या
१६ जुलै, रात्री ९:५०

ओके दादा. सहा जण. 🙏

फुलेवाडीचा_पोरगा
१५ ऑक्टोबर, रात्री ९:३०

धागा वर काढतोय. जाऊन आलो काल! लांबलचक लिहितो, विचारलं तेव्हा एवढं सगळं मिळालं तर परत द्यायला पायजे.

मुद्दाम मंगळवार धरला, मी रजा टाकली. मी, आबा, आई. सकाळी सव्वासहाला निघालो, वाटेत कळे गावात चहा. आबा पुढच्या सीटवर आणि माझं ड्रायव्हिंग त्यांना कायम नापास, "गियर टाक, गियर टाक, चढ दिसत नाही का." दोन्ही बाजूला भात पिवळं झालेलं, काही ठिकाणी कापणी लागलेली, जुलैत जिथं रस्त्यावर पाणी होतं म्हणे तिथं आता लोक भात वाळवत होते. असळज सोडल्यावर आबा बोलायचे बंद झाले आणि डावीकडं बघायला लागले. मग म्हणाले, "थांब." थांबलो. रेघ होती. खरं सांगतो, मला आधी दिसलीच नाही, एवढी बारीक. डोंगरावर खडूनं ओढल्यासारखी.

गडी दादांकडं गाडी लावली, त्यांच्या पुतण्याला सोबत दिलं, गार्डना कळवलेलं होतंच. आठला चालायला लागलो. आईला तिथल्या काकूंनी ठेवून घेतलं, तिला पण चालायचं नव्हतंच, दोघींच्या आंबोळ्यांवर गप्पा रंगलेल्या. वाट पहिल्यांदा नाचणीच्या शेताच्या बांधावरनं आणि मग एकदम जंगलात शिरते, अंजनी, जांभूळ, नाव न कळणारी शंभर झाडं, खाली उजेड असा हिरवा हिरवा. कुठंतरी शेकरू ओरडत होतं, पुतण्यानं दाखवलं पण आबांना दिसायच्या आत पुढच्या झाडावर. ओढे तिन्ही ओलांडले, पहिल्या दोन्हींत पाणी घोट्याच्या पण खाली. मधल्याजवळ पुतण्या म्हणाला जुलैत पाणी इथवर असतंय आणि डोक्याच्या वर हात नेऊन झाडाच्या बुंध्याला अडकलेला वाळका पाचोळा दाखवला. मी पाटबंधारे काकांची आठवण काढली आणि खुणेचा दगड धरला. पाच मिनिटांनी परत जाऊन बघितला पण. हसा.

तासाचा सव्वा तास झाला. शेवटच्या चढाला आबा दोनदा बसले. काठी होती, गुडघ्याला पट्टा होता. मी एकदा म्हटलं राहू दे इथनं बघूया, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प. एक जळू लागली, मला, आबांना नाही. मीठ होतं, काम झालं, मोजा मात्र रक्तानं भिजला, अगदी ताईंनी सांगितलेलं तसंच. (आणि हो ताई, पँट मोज्यात खोचली नव्हती.)

मग धबधबा. फोटो टाकणार नाही आणि उंची पण सांगणार नाही, कारण कोण कशावरनं काय शोधून काढील सांगता येत नाही. एवढंच सांगतो की लांबनं रेघ दिसते ती जवळनं रेघ नाहीच, तीन धारा आहेत, वाऱ्यानं मधली धार बाजूला उडते आणि खडकावर सगळीकडं नेचे आणि मॉस, त्यातनं थेंब थेंब गळतंय, आवाज असा मोठा नाही, कुणीतरी शेजारच्या खोलीत बोलत बसल्यासारखा. डोहात उतरलो नाही. अलीकडं गुडघ्याएवढी एक कुंडी आहे, स्वच्छ, तिथं आबांना दगडावर बसवलं. त्यांनी पँट दुमडली आणि दोन्ही पाय आत सोडले. डावा गुडघा आधी.

मला वाटलं आता काहीतरी बोलतील धबधब्याबद्दल. ते तर धबधब्याकडं पाठ करून बसले! खाली बघत होते. झाडीत एक फट आहे तिथनं खालचं खोरं दिसतं, शेतं, आणि मधनं रस्ता, अगदी दोऱ्यासारखा. मला कळायला वेळ लागला. ते रस्ता शोधत होते. तो सापडल्यावर पण नजर काढेनात. दहा-पंधरा मिनिटं असेच गेले असतील, मी भडंगाची पुडी फोडली, पुतण्या आणि मी खात बसलो. तेवढ्यात त्या दोऱ्यावरनं लाल काहीतरी सरकायला लागलं, काडेपेटीएवढं पण नाही. एसटी. आबांनी घड्याळ बघितलं, "दहा मिनिटं लेट आहे," म्हणाले आणि ती वळणाआड जाईपर्यंत बघत बसले. मग म्हणाले, "तिथनं कुणी वर बघितलं तर आपण दिसत नसणार." पुतण्या म्हणाला नाही दिसत. "बरं," म्हणाले.

साडेअकराला उठलो, तासाभरात गावात. जेवण काय होतं ते लिहीत नाही, इथं लोक उपाशी असतील. अडीचला निघालो आणि तीनला साखरीच्या आसपास असा पाऊस आला की वायपर पुरेना, मागं सगळा डोंगर काळा. काका, तुमचं एक वाजताचं गणित अगदी बरोबर निघालं.

गुडघा आज सुजलाय. बर्फ लावून बसलेत, आई बोलतीय, ते ऐकत नाहीत. कचरा आमचा आम्ही परत आणला, दुसऱ्यांचा पण थोडा.

पाटबंधारे_निवृत्त
१५ ऑक्टोबर, रात्री १०:१०

उत्तम. सूज चार दिवसांत उतरली नाही तर दाखवून घ्या.

खर्डा_भाकरी
१५ ऑक्टोबर, रात्री १०:२२

पँट मोज्यात खोचायला काय जात होतं. आबांना नमस्कार सांग.

सड्यावरचा_गडी
१६ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

आबास्नी सांगा, गाडी लेट न्हवती. टायमिंग बदललंय आता.